उतारावर रेस कधी सोडायची

सातारच्या बाजूला घाटात गाडी शिकलेल्या माणसाला एक नियम पाठ असतो: ज्या गिअरवर चढलात, त्याच गिअरवर उतरा. कोलोरॅडोत राहायला आल्यावर सॅन वॉन पर्वतातल्या आल्पाइन लूप या डोंगरवाटेवर एटीव्ही, म्हणजे हँडलवर चालणारी चारचाकी, चालवू लागलो आणि हा नियम अर्धाच कामाला येतो हे कळलं. बहुतेक एटीव्हींना बदलायला गिअर नसतातच. बेल्टवर चालणारं सीव्हीटी असतं आणि लिव्हरवर हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स एवढंच. आणि इथला सिनामन पास १२,६४० फुटांवर, इंजिनिअर पास १२,८०० फुटांवर. रस्ता दगडगोट्यांचा, बाजूला दरी.

१. लो माथ्यावरच टाका, गाडी पूर्ण थांबवून. उतार लागल्यावर लिव्हरशी खटपट करताना गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये गेली, तर तिला धरायला फक्त ब्रेक उरतो.

२. रेस पूर्ण सोडली की इंजिन गाडीला धरेलच, असं समजू नका. घाटातल्या जीपवर पोसलेल्या हाताला ही गोष्ट पटायला सर्वांत जड जाते. साध्या सीव्हीटीत इंजिनाकडच्या पुलीला वजनं असतात. इंजिन वेगाने फिरलं की ती बाहेर सरकतात, पुली मिटते आणि बेल्ट पकडला जातो. उतारावर रेस सोडली की चाकं त्याच बेल्टमधून उलट इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना अडवतं. तोवर सगळं छान. पण इंजिनाचे फेरे एका मर्यादेखाली आले की पुली उघडते, बेल्ट ढिला पडतो आणि चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटतो. इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि गाडीचा वेग मात्र वाढायला लागतो. हे दोन्ही एकत्र जाणवलं की गाडी सुटली. अशा वेळी सरळ वाटेवर ब्रेक धरून अंगठ्याने किंचित रेस द्यायची, म्हणजे बेल्ट पुन्हा पकडतो. घाबरलेला माणूस नेमका अंगठा वर उचलतो. म्हणून ही सवय सौम्य उतारावर, मागेपुढे कोणी नसताना लावून घ्यावी.

३. आपली गाडी कोणत्या जातीची, ते आधी विचारा. कित्येक गाड्यांत पुलीजवळ एकाच दिशेने मोकळं फिरणारं बेअरिंग असतं, सायकलच्या फ्रीव्हीलच्या तत्त्वावर. चाकं इंजिनापेक्षा पुढे धावू लागली की ते अडतं, त्यामुळे गाडी अगदी रांगत्या वेगापर्यंत इंजिनाच्या ताब्यात राहते. यामाहाच्या ग्रिझली, कोडियाकमध्ये अशी सोय आहे. होंडाच्या बऱ्याच एटीव्हींना खरेखुरे गिअर असतात, तिथे आपला घाटातला नियम जसाच्या तसा चालतो. भाड्याने गाडी देणारे हेल्मेट, इंधन, विमा सगळं सांगतात. हे मात्र विचारल्याशिवाय क्वचितच सांगतात.

४. चारही चाकं ओढतात म्हणजे चारही चाकं अडवतात, असं नाही. काही गाड्यांत मागची चाकं घसरली तरच पुढच्यांना जोर मिळतो. उतरताना ती पुढची चाकं मोकळीच फिरतात आणि इंजिनाचा सगळा अडसर मागच्या चाकांवर येतो. त्यात उतारामुळे वजन पुढे गेलेलं असतं. हलकी झालेली मागची बाजू खडीवर आडवी यायला वेळ लागत नाही. तशी आलीच, तर ब्रेक सैल करा, हँडल उताराच्या दिशेने वळवा. सीटवर मागे सरकून बसणं इथे कामाला येतं. (हल्ली स्टिअरिंग आणि पट्टे असलेल्या साइड-बाय-साइड गाड्यांचीच गर्दी जास्त, त्यात सरकायला जागा नसते.) पोलारिसच्या काही मॉडेलांत अॅक्टिव्ह डिसेंट कंट्रोल आहे, तो चारही चाकांना इंजिनाला बांधतो. पण त्याला रेस पूर्ण सोडलेली लागते, म्हणजे वर सांगितलेल्या युक्तीच्या बरोबर उलट! गाडीचं पुस्तक वाचल्याशिवाय माझंसुद्धा ऐकू नका.

५. अरुंद वाटेवर चढणाऱ्याचा हक्क पहिला. खाली येणाऱ्याने थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं. पुन्हा निघताना इंजिन आयडलवर असतं, म्हणजे साध्या सीव्हीटीत बेल्ट सुटलेलाच असतो. ब्रेक एकदम सोडलात तर पहिले काही फूट गाडी नुसती घरंगळते. ब्रेक दाबूनच थोडी रेस, पकड जाणवली की ब्रेक हळूहळू सैल.

६. ओढा ओलांडलात तर पुढच्या उताराआधी दोन गोष्टी तपासा. ओले ब्रेक हलकेच दाबत थोडं अंतर चालवून वाळवा. आणि बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी शिरलं असेल तर बेल्ट घसरतो. मग चढताना जोर मिळत नाही, उतरताना अडसर मिळत नाही. बहुतेक कव्हरांना खाली पाणी काढायचं बूच असतं. ते कुठे आहे हे घरीच बघून ठेवा, थंड ओढ्याकाठी गुडघे टेकून शोधण्यापेक्षा.

७. उंचीचा हिशेब धरा. रेस सोडल्यावर पेट्रोल इंजिन गाडीला अडवतं त्याचं एक मोठं कारण असं, की बंद थ्रॉटलमागच्या जवळजवळ पोकळीतून पिस्टनना हवा ओढावी लागते, बाहेरच्या दाबाविरुद्ध. बारा हजार फुटांवर तो बाहेरचा दाबच समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहून कमी असतो. म्हणून माथ्याजवळची वळणं खालच्यांपेक्षा हळू घ्यावीत, गाडीमागे सामान बांधलेलं असेल तर आणखी हळू.