पिंजरा, झाकण आणि फट

१२ ऑक्टोबर २०२० या दिवसाबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. दादर-परळच्या फलाटांवर, लालबागच्या उंच इमारतींत माणसे अडकून पडली. काही तासांनी वीज हळूहळू परत आली आणि सारे पूर्ववत सुरू झाले. कारण उघड आहे. वीज गेली होती, पण यंत्रे शाबूत होती.

आता याच्या उलट कल्पना करा. वीज आहे, पण यंत्रांच्या पोटातील इलेक्ट्रॉनिक भाग एका क्षणात जळून गेले आहेत. मग वीज येऊन काय उपयोग? शहराची यात मोठी गैरसोय होईल. सैन्यापुढे मात्र जीवनमरणाचा प्रश्न उभा राहील.

डोळे आणि कान

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र नौकांनी कराचीजवळ हल्ला केला. काळोखात, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतरावरची जहाजे त्यांनी रडारने हेरली. ऐन वेळी रडार बंद पडले असते, तर या नौका आंधळ्याच झाल्या असत्या. तेव्हापासून हे अवलंबन वाढतच गेले आहे. आज मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या युद्धनौकेचे दिशादर्शन, संदेशवहन, तोफांचा नेम, इंजिनांचे नियंत्रण या सर्वांच्या मुळाशी इलेक्ट्रॉनिकी आहे.

कुलाब्याची नोंद

ही उपकरणे गोळी न झाडताही निकामी कशी होतील? या प्रश्नाचा एक धागा गिरगावपासून अगदी जवळ, कुलाब्याच्या वेधशाळेत सापडतो. २ सप्टेंबर १८५९ रोजी तेथील चुंबकमापकाने एक विलक्षण नोंद केली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे साधारण चार टक्क्यांनी, एकाएकी घसरला. सूर्यावरून आलेल्या विद्युत्‌भारित कणांच्या लोटाने हे चुंबकीय वादळ उठवले होते. त्याच वादळात अमेरिकेतील काही तारयंत्रे बॅटरी काढून टाकल्यावरही चालत राहिली. तारांना वीज पुरवली कोणी?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. चुंबकीय क्षेत्र बदलले की वाहकात विद्युत्‌दाब निर्माण होतो, हा फॅरेडेचा नियम. बदल जितका झपाट्याने, तितका दाब अधिक. आणि तारेचे वेटोळे जितके मोठे, तितकाही दाब अधिक. सौर वादळातील बदल संथ असतो. त्यामुळे शेकडो किलोमीटर लांबीच्या तारांनाच त्याचा तडाखा बसतो. खिशातल्या यंत्राला सहसा बसत नाही.

मीटरभर तारही पुरे

पण बदल संथ नसेल तर? ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अण्वस्त्रस्फोट केला. तेथून सुमारे १४०० किलोमीटरवरील हवाई बेटांवर रस्त्यांवरचे जवळजवळ ३०० दिवे विझले. स्फोटातील गॅमा किरणांनी वातावरणाच्या वरच्या थरांतील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हे इलेक्ट्रॉन वळले आणि त्यांतून विद्युत्‌चुंबकीय तरंगांचा एक जबर स्पंद बाहेर पडला.

असा स्पंद सेकंदाच्या काही अब्जांश भागांत शिखर गाठतो. त्याची तीव्रता दर मीटरला ५०,००० व्होल्टपर्यंत जाऊ शकते, असे हिशेब सांगतात. बदल इतका झपाट्याचा असल्यावर मीटरभर तारही पुरते. त्यातला शंभरावा हिस्साच तारेत उतरला असे धरा. तरी ५०० व्होल्ट झाले! चिपमधील ट्रान्झिस्टरात मात्र काही नॅनोमीटर जाडीचा विद्युत्‌रोधक थर असतो आणि एका नॅनोमीटरला ढोबळमानाने एकच व्होल्ट झेपतो. चिप जितकी सूक्ष्म आणि चतुर, तितकी ती नाजूक. जुन्या रेडिओतील निर्वात नलिका यापेक्षा कितीतरी दणकट होत्या.

एक प्रयोग

यावरचा उपायही फॅरेडेनेच दाखवला. १८३६ साली त्याने बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा एक पिंजरा बांधून त्यावर धातूचे आवरण चढवले. आवरणावर विजेचा मोठा भार दिला आणि तो स्वतः आत उपकरणे घेऊन उभा राहिला. आत विजेचा मागमूसही नव्हता. धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन सरकून बाहेरच्या क्षेत्राचा आतील परिणाम नाहीसा करतात.

हे तुम्हीही करून पाहा. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचे दोन-तीन थर मोबाइलभोवती घट्ट गुंडाळा, कडा दुमडा आणि मित्राला फोन लावायला सांगा. बहुधा तो लागणार नाही. आता तोच मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. आश्चर्य म्हणजे पुष्कळदा तो वाजतो! डबा कागदापेक्षा कितीतरी जाड, मग असे का? झाकणाखालून गोल फिरणारी बारीक फट हे त्याचे कारण. ९०० मेगाहर्ट्‌झ तरंगाची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. फटीची लांबी तिच्या निम्म्याच्या आसपास आली, की फट केसासारखी अरुंद असली तरी तरंग आत शिरतो.

युद्धनौकेचे पोलादी अंग हाही असाच एक डबा आहे. पण त्याला दारे आहेत, झरोके आहेत, आत-बाहेर जाणाऱ्या केबली आहेत. म्हणून दारांच्या कडांना धातूच्या लवचिक पट्ट्या बसवतात, झरोक्यांत मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी ठेवतात, केबलीच्या तोंडाशी जादा दाब जमिनीत किंवा नौकेच्या सांगाड्यात उतरवणारी उपकरणे लावतात. शक्य तेथे तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशतंतू वापरतात. काचेत धारा निर्माण होत नाही.

अँटेनाचे काय? ती तर बाहेरचे तरंग टिपण्यासाठीच असते. तिला पिंजऱ्यात कोंडून चालत नाही. म्हणजे थोडी फट राहणारच. म्हणून शेवटचे संरक्षण यंत्रात नसते, माणसात असते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून स्थान काढण्याचे शिक्षण मध्यंतरी बंद केले होते; २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू केले. सेक्स्टंटला बॅटरी लागत नाही आणि ध्रुवतारा कोणत्याही स्पंदाने विझत नाही.

एखाद्या निरभ्र रात्री गच्चीवर जा आणि ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंशांवर आहे ते मोजा. सुमारे १९ आले, तर मुंबईचे अक्षांश तुम्ही विजेचा एक थेंबही न वापरता काढलेत!