फूड अ‍ॅपचं रिडिझाइन आता पुरे

बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो, आणि इंजिनिअरिंगच्या कॅम्पस मुलाखती उरकल्या की तोच पुन्हा येतो. "मुलाला कोडिंग आवडत नाही, चित्रकला बरी आहे, यूएक्स डिझाइनला घालू का? सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी दोन लाख, पण प्लेसमेंटची हमी देतात." विचारणारे बहुतेक वेळा आईवडील असतात. ज्याच्यासाठी विचारायचं तो शेजारी बसून फोन बघत असतो.

तर आधी उत्तर देऊन टाकतो. दोन लाख भरू नका. हमीपत्राच्या अटी नीट वाचा. बऱ्याचदा 'प्लेसमेंट सहाय्य' एवढंच लिहिलेलं असतं, आणि सहाय्य म्हणजे आठवड्याला चार जाहिरातींचा ईमेल. शिवाय वाक्य टाइप केलं की स्क्रीन तयार करून देणारी साधनं आता कुणालाही मिळतात. नुसती सुबक स्क्रीन काढता येणं या कौशल्याचा भाव उतरलाय, आणि असे कोर्स नेमकं तेच शिकवतात.

चित्रकलेचंही तसंच, इथे ती मुख्य नाही. 1993च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये 'यूजर एक्सपिरियन्स' (म्हणजेच यूएक्स) हे शब्द आपल्या पदनामात घेणारे डॉन नॉर्मन इंजिनिअरिंग शिकले आणि डॉक्टरेट मानसशास्त्रात केली. माणूस कुठे अडतो, का अडतो आणि अडल्यावर स्वतःलाच का दोष देतो, हे ओळखणं हा या कामाचा गाभा. त्यासाठी मानसशास्त्रातली बीए झालेली मुलगी चालते, रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर बसलेला मुलगाही चालतो. हात चांगला असेल तर उत्तमच, पण तो वरचा भाग.

पदवीच करायची असेल तर मार्ग सगळ्यांना माहीत आहेत. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेला खुली आहे, पदवीनंतर एम.डेस.साठी सीड. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी. फक्त एवढं लक्षात ठेवा, की यूसीड जानेवारीत असते आणि अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरात सुरू होतात. जूनमध्ये धावत येऊन उपयोग नाही.

आता पोर्टफोलिओ. मी जे बघतो त्यातले बरेचसे एकमेकांची भावंडं वाटतात. एका प्रसिद्ध फूड अ‍ॅपचं किंवा गाण्यांच्या अ‍ॅपचं रिडिझाइन, डिझाइन प्रक्रियेची दोन हिऱ्यांची ठरलेली आकृती, इंटरनेटवरून उचललेल्या फोटोखाली 'रिया, 26, बेंगळुरू, वेळ नाही' अशी काल्पनिक ग्राहक, आणि शेवटी गुलाबी-जांभळ्या स्क्रीन. या रियाला कुणी भेटलेलं नसतं. मुलाखतीत "हे बटण खाली का आणलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "स्वच्छ दिसतं." तिथेच मुलाखत संपते.

त्यापेक्षा मी सुचवतो ते करून बघा. यात फी नाही. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. स्क्रीनवर जे आहे ते ती वाचून दाखवते. अंध व्यक्ती फोन वापरतात तो असाच. ती सुरू करा, डोळे मिटा आणि वीजबिल भरायचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा प्रयत्न करा. थोड्याच वेळात आवाज म्हणेल, "अनलेबल्ड, बटन." पुढे तेच, पुन्हा तेच. कुठलं बटण पैसे भरणारं आणि कुठलं मागे नेणारं, कळायला मार्ग नाही. मग कॅप्चाचं चित्र येतं, जे वाचलंच जात नाही. ओटीपी सापडेपर्यंत वेळ संपते. नंतर अंधांसाठी काम करणाऱ्या नॅबसारख्या संस्थेत रीतसर परवानगी घेऊन जा, रोज असा फोन वापरणाऱ्या चार-पाच जणांजवळ बसा, आणि ते काय करतात ते शांतपणे बघा. मदत करू नका. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी 2000 मध्येच लिहून ठेवलंय, की पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी उघड्या पडतात.

कुणालाही वापरता येईल असं बनवणं, याला सुगम्यता म्हणतात, आणि आपल्याकडे विद्यार्थी तिकडे ढुंकून बघत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तिथे गेलेल्या तक्रारींपैकी एक अशी होती: बँकेच्या ई-केवायसीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवायच्या होत्या, आणि अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेला त्या मिटताच येत नव्हत्या. ती अट लिहिणाऱ्याच्या मनात हा चेहरा कधी आलाच नव्हता. बँका, विमा कंपन्या यांना आता हे काम करणारी माणसं लागणार. मराठीत तर मैदान मोकळंच आहे: कित्येक अ‍ॅप्सच्या मराठी आवृत्तीत वरची मात्रा कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो.

आईवडिलांना एक सांगायचंय, आणि ते गोड करून सांगत नाही. दर रविवारी "झाला का पोर्टफोलिओ?" विचारलं की मूल घाईघाईने आठ खोटे प्रकल्प भरतं. आठ नकोत, दोन खरे पुरेत, आणि खऱ्याला महिने लागतात. शेजारच्यांच्या मुलाचं पॅकेज हा तुमच्या मुलाच्या पोर्टफोलिओतला विषय नाही.

पहिली नोकरी बहुधा नावाजलेल्या अ‍ॅपमध्ये मिळणार नाही. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत बँकेच्या क्लार्कसाठी राखाडी स्क्रीन सुधारायच्या असतील. घ्या ती. तो क्लार्क दिवसभर तीच स्क्रीन वापरतो, म्हणजे शिकायला माणूस समोरच आहे. सुगम्यता चाचणीचं काम मिळालं तर तेही घ्या. स्क्रीन डिझाइन करायचं फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, तेव्हा साधनासाठी अडायचं कारण नाही. प्रकल्पात टीमने काय केलं आणि तुम्ही काय केलं, हे वेगळं लिहा. आणि लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या साध्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघा. ती परवानगी मागत बसली, तर कंपनीतला माणूस पुढच्या अर्जाकडे वळतो.