सोडायचं ते कोणाचं?

चि. भाच्यास,


तुझं पत्र पोहोचलं. नोकरीचा राजीनामा द्यायचा, फ्लॅट विकायचा आणि पुढचं आयुष्य सेवाकार्यात घालवायचं, असा तुझा बेत दिसतो. बेत मनापासूनचा आहे, म्हणूनच त्याला घाईघाईने ‘छान’ म्हणणं बरं नाही. संसाराचा मोह सोडून प्रभूच्या मागे गेलेल्यांच्या गोष्टी आपल्या लोकांत पुष्कळ सांगितल्या जातात. कोणी काय सोडलं ते त्यांत असतं. पण सोडलं ते कोणाचं होतं आणि त्याची झळ कोणाला लागली, हे व्यासपीठावरून सहसा कोणी सांगत नाही.

तुमच्या मेळाव्यात धनवान तरुणावर प्रवचन झालंच असेल. मार्कच्या दहाव्या अध्यायातला तो माणूस सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळणारा. आहे ते विकून गोरगरिबांना दे म्हटल्यावर खिन्न होऊन निघून गेला. त्याला सगळं विकायला सांगणाऱ्या येशूने यरीहोत जक्कयाकडे मात्र सर्वस्व मागितलं नाही. जक्कयाने आपण होऊन अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना नाडलं होतं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. तेवढ्यावर त्या घराचं तारण झालं. बेथानीतलं मार्था-मरियेचं घर तर येशूच्या हक्काचं उतरायचं ठिकाण होतं. फिलिप्पैत लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची; तिचा बाप्तिस्मा झाला, पौल आणि त्याचे सोबती तिच्याच घरी राहिले, आणि तिने व्यापार गुंडाळल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही लिहिलेलं नाही.

त्याच मार्कच्या सातव्या अध्यायावर मात्र प्रवचनं कमी होतात. आईबापांच्या पोटाला लागणारा पैसा ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिला की मुलगा त्यांच्या जबाबदारीतून सुटला, अशी पळवाट त्या काळच्या शास्त्र्यांनी काढून ठेवली होती. येशूने त्यांना सरळ सुनावलं. देवाचं नाव पुढे करून आईबापांना उपाशी ठेवणारं अर्पण त्याला चालत नाही.

मिसरचा संत अँथनी तिसऱ्या शतकातला. ख्रिस्ती संन्यासी जीवनाची गोष्ट निघाली की सुरुवात त्याच्यापासून होते. आईबाप वारले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता, पदरी धाकटी बहीण. धनवान तरुणाचं वचन त्याने उपासनेत ऐकलं आणि तीनशे अरुरा, म्हणजे सुमारे दोनशे एकर सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. घरातल्या चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला, पण थोडा भाग बहिणीसाठी बाजूला ठेवला. पुढे तोही दिला, तेव्हा बहिणीला ओळखीच्या, भरवशाच्या भक्तिणींच्या स्वाधीन केलं. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या अथनासियसने हा तपशील गाळलेला नाही. ती व्यवस्था बहिणीच्या मनासारखी झाली का, हे मात्र त्याने लिहिलेलं नाही.

मराठीत झळ सोसणाऱ्यांची ही दुसरी बाजू एका बाईने लिहून ठेवली आहे, आणि कोणत्याही प्रवचनापेक्षा ती वाचण्यासारखी आहे.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांनी जात सोडली, आप्त सोडले, समाजातली जागा सोडली. निर्णय त्यांचा, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलं ते त्यांना न विचारता आलं. नवरा असून नसल्यासारखा, पदरात लहान मुलगा, आणि भोवताली हळहळणारे, टोमणे मारणारे, सल्ले देणारे नातेवाईक. अशी चार-पाच वर्षं गेली. पुढे त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या तेव्हाही आपलं सोवळं-ओवळं बरोबर घेऊन आल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, ही त्यांच्या थोरवीची गोष्ट. पण घरात टिळकांच्या हाताला पैसा लागला की तो कोणा गरजूकडे जाणार, आणि चूल पेटवायची चिंता लक्ष्मीबाईंकडे राहणार, हे ठरलेलं. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात ही ओढाताण पानोपानी आहे. लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात, स्वतःलाही हसतात आणि पुन्हा डबे धुंडाळायला लागतात. टिळकांवरची त्यांची भक्ती खरी आणि तक्रारही खरी. म्हणून ते पुस्तक संतचरित्राच्या पंक्तीला बसत नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

लक्ष्मीबाईंनी स्वतः जे सोडलं, त्याची कोणी मिरवणूक काढली नाही. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचा कडकपणा असा, की बाजारातून आलेलं धान्यधुन्य धुतल्याशिवाय घरात वापरायचं नाही. त्या धाकात वाढलेली ही बाई. जात देवाने केली की माणसाने, या विचाराने एका रात्री त्यांची झोप उडाली, आणि सकाळी त्या कोणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाल्या. त्यात त्यांनी आपलंच काहीतरी टाकलं, दुसऱ्या कोणाच्या ताटातलं काही गेलं नाही. त्यानंतर, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगारही सोडला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांना ख्रिस्ताभोवती एकत्र बसता यावं ही कल्पना. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लहानपणी कोणी शाळेचं तोंड दाखवलं नव्हतं.

पंडिता रमाबाईंची तऱ्हा वेगळी. संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना १८७८ साली ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून आपली बुद्धीही गहाण टाकली नाही. ख्रिस्ती झालं की दिसेल ते टाकून द्यायचं, असं त्यांनी मानलं नाही. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायांना आश्रयाला आणलं आणि केडगावला त्यांचं मुक्ती सदन वाढलं. तिथे बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि उतारवयात अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. भाषा कशी, तर खेड्यातल्या बाईलाही कळावी अशी. जिच्या संस्कृतपुढे पंडित थक्क झाले, तिने पांडित्य दाखवायची सर्वांत मोठी संधी समोर असताना ते बाजूला ठेवलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं.

संस्था पुढे चालवायला लेक होती. मनोरमा शिकून आली, आईच्या कामात मुरली. २४ जुलै १९२१ रोजी ती चाळिशीतच वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मधल्या साडेआठ महिन्यांत बायबलाचं काम थांबलं नव्हतं. घरदार सोडणाऱ्यांनाही आपल्यामागे आपलं काम आपल्याच माणसाच्या हाती राहावं असं वाटतं. रमाबाईंना तेही सोडून द्यावं लागलं.

तुझ्यासारख्या पगारदाराला अधिक जवळचा दाखला इंग्लिश धर्मप्रचारक जॉन वेस्लीचा आहे. ऑक्सफर्डमध्ये असताना त्याची मिळकत वर्षाला तीस पौंड. तो अठ्ठावीसमध्ये भागवी आणि दोन देऊन टाकी. मिळकत साठ झाली तरी खर्च अठ्ठावीसच, बत्तीस दान. नव्वद झाली, बासष्ट दान. एकशेवीस झाली, ब्याण्णव दान. त्याने मिळकत सोडली नाही. मिळकतीबरोबर वाढत जाणारी हाव सोडली. त्यात कोणाला दिसण्यासारखं काही नव्हतं. दर वर्षी पगारवाढीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात मोठ्या गाडीचं ब्रोशर टेबलावर येतं, तिथे वेस्लीचा हा हिशेब आठवून पाहावा.

आणि दिसण्याचाही मोह असतोच. आपल्याकडे हंगामाच्या सणाला लिलाव होतो तेव्हा पाहा. चाळीस रुपयांचा भोपळा हजारावर जातो. पैसा चर्चच्या कामी येतो, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण बोली पुकारताना डोळे भोपळ्यावर असतात की मागच्या बाकांवर, हे ज्याचं त्याला ठाऊक. शेत विकून थोडा पैसा मागे ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची प्रेषितांच्या कृत्यांतली गोष्ट अशीच वाचावी. शेत विकायची सक्ती नव्हती, आलेला पैसाही त्यांचाच होता, हे पेत्राने त्यांना स्पष्ट सांगितलं. थोडं ठेवून घेतल्याने काही बिघडलं नाही. सगळं दिल्याचं नाव हवं होतं, तिथे बिघडलं. पूर्णवेळ सेवेत गेलेल्या माणसाभोवतीही असाच एक मान तयार होतो, आणि पगार सोडण्यापेक्षा तो मान सोडणं जड जातं.

आता तुझा हिशेब. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे अर्धाच तुझा. तो विकायचा की नाही हे सूनबाईंनी ठरवायचं, आणि ‘तिची हरकत नाही’ असं तू त्यांच्या वतीने लिहिलेलं इथे धरलं जाणार नाही. आईच्या औषधपाण्याचा महिन्याचा खर्च आणि बँकेच्या कर्जाची शिल्लक आधी कागदावर मांड. धाकट्याच्या शिक्षणाला तू शब्द दिला आहेस, तोही त्यात लिही. हे सगळं वजा केल्यावर खास तुझं असं जे उरेल, पगारातलं, वेळातलं, नावलौकिकातलं, ते आजपासून मोकळ्या हाताने दे. त्यासाठी राजीनाम्याची वाट पाहायची गरज नाही. वर्षभर असं देऊन पाहा. त्यानंतरही हाक तशीच ऐकू येत असेल आणि घरची माणसं बरोबर असतील, तर पाळकसाहेबांशी बोलायला सगळे मिळून जाऊ.

‘स्मृतिचित्रे’ची प्रत सोबत पाठवत आहे. आधी सूनबाईंना वाचू दे. त्यांनी जिथे जिथे खूण करून ठेवली असेल, ती पानं तू दोनदा वाच, आणि मग पुढचं पत्र दोघांनी मिळून लिहा.

आईला सलाम, मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या