चाकांवरचे घर आणि उणे वीस अंश

२३ मे १९०३ रोजी होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचा एक डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोहून मोटार घेऊन निघाला. सोबतीला सूअल क्रॉकर हा यंत्रज्ञ होता. वाटेत आयडाहोमध्ये त्यांना तिसरा सोबती मिळाला, बड नावाचा एक बुलडॉग. धुळीने त्याचे डोळे लाल होत, म्हणून त्यालाही मोटार चालवणाऱ्यांसारखा चष्मा चढवण्यात आला! ६३ दिवसांनी, २६ जुलैला, ही मंडळी न्यूयॉर्कला पोहोचली. मोटारीने अमेरिका खंड ओलांडणारे हे पहिले प्रवासी. त्यांची मोटार आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पण तारखा पुन्हा वाचा. मे ते जुलै! म्हणजे ऐन उन्हाळा. हाच प्रवास जानेवारीत करायचा झाला तर?

आज अमेरिकेत ‘मोटारहोम’ नावाच्या गाड्या आहेत. आपण त्यांना मोटारघर म्हणू. आत निजायला पलंग, ओटा, नळ, शेगडी, न्हाणीघर, सारे काही असते. समजा, अशा घरातून तुम्ही पूर्व किनाऱ्याकडून आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० ने पश्चिमेकडे निघाला आहात. या रस्त्याची लांबी ४,६०० किलोमीटरांहून अधिक आहे. वायोमिंग राज्यातील शर्मन शिखराजवळ तो २,६३३ मीटर उंचीवर जातो, आणि पुढे कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वत ओलांडतो. याच पर्वतातील डॉनर खिंडीजवळ जानेवारी १९५२ मध्ये एक अख्खी आगगाडी बर्फात अडकली. सव्वादोनशे माणसे तीन दिवस तिच्यात अडकून पडली होती.

तुमच्या घरात तीन मुके प्रवासी आहेत: ४० किलोचा एक जर्मन शेफर्ड, अडीच किलोचा एक चिवावा जातीचा कुत्रा आणि एक मांजर. बाहेर पारा उणे २० अंश सेल्सिअसवर आहे. आता सांगा, या गाडीत सर्वांत आधी काय गोठेल? आणि सर्वांत आधी कोण गारठेल?

एक नियम, अनेक रूपे

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच नियमात आहे. वस्तूत उष्णता साठते ती तिच्या वस्तुमानात, पण बाहेर निसटते ती पृष्ठभागातून.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे घनफळ १ घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. आता १० सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. घनफळ १,०००, पण पृष्ठफळ केवळ ६००! म्हणजे लहान घनाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आला, तर मोठ्याच्या वाट्याला फक्त ०.६. वस्तू जितकी लहान, तितकी तिची ‘खिडकी’ मोठी आणि ‘कोठार’ छोटे. म्हणून लहान वस्तू लवकर निवते. चहा बशीत ओतला की लगेच निवतो तो याच कारणाने.

आता हा नियम घेऊन मोटारघरात शिरू.

टाकी आणि नळी

घराखाली दीडशे लिटर पाण्याची टाकी आहे आणि तिच्यापासून नळापर्यंत गेलेली एक सेंटिमीटर व्यासाची नळी. टाकीतील पाणी १० अंशांवर असेल, तर ते शून्यावर येण्यासाठी त्यातून १,५०० किलोकॅलरी उष्णता जावी लागेल. पण शून्यावर आले म्हणजे बर्फ झाले असे नाही! एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरच गोठण्यासाठी ८० कॅलरी बाहेर टाकावी लागतात. ही झाली पाण्याची अप्रकट उष्णता. सगळी टाकी गोठायला आणखी १२,००० किलोकॅलरी जायला हव्यात.

नळीचे काय? तिच्या एका मीटर लांबीत जेमतेम ८० ग्रॅम पाणी. ते गोठायला साडेसहा किलोकॅलरी गेल्या की पुरे. शिवाय हिशेब केला तर दिसते, की दर ग्रॅम पाण्यामागे नळीचा पृष्ठभाग टाकीच्या सुमारे पस्तीस पट आहे. म्हणून टाकी भरलेली आणि नळ कोरडा, असा प्रकार पहिल्याच रात्री होतो.

एवढ्यावर भागत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. नळीत मध्येच बर्फाचा बोळा बसला आणि पुढचा नळ बंद असला, की मधल्या पाण्याला जायला जागा राहत नाही. दाब वाढत जातो आणि नळी फुटते. गंमत अशी, की हे कळते ते बर्फ वितळल्यावर, पाणी फरशीवर येऊ लागले म्हणजे! यासाठी हिवाळ्यात नळ्या रिकाम्या करतात, नाहीतर त्यांत गोठणरोधक द्रव भरतात. या द्रवाची गोष्ट पुढे येणारच आहे.

वारा काय करतो?

वायोमिंगच्या पठारावर वारा भन्नाट वाहतो. तेथील हवामानवार्तेत दोन आकडे सांगतात: हवेचे तापमान उणे १० अंश, पण ताशी ४० किलोमीटर वाऱ्यामुळे ते उणे २१ ‘वाटेल’. मग नळीलाही उणे २१ वाटेल का?

मुळीच नाही. वारा कोणत्याही कोरड्या वस्तूला हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तिच्याभोवती जमलेला उबदार हवेचा पातळ थर तो सतत उडवून नेतो, एवढेच. म्हणून नळी उणे १० च्या खाली जाणार नाही, पण तेथे लवकर पोहोचेल. सजीवाचे मात्र वेगळे. त्याला शरीराचे तापमान टिकवायचे असते. निसटणारी उष्णता वाढली, की ती भरून काढण्यासाठी त्याला अन्न अधिक जाळावे लागते.

मुक्या प्रवाशांची युक्ती

निरोगी कुत्र्याचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा अधिक. बाहेर उणे २० असेल तर आतबाहेरचा फरक झाला साठ अंशांचा! तो राखायचा कसा?

पहिली युक्ती केसांची. थंड प्रदेशातील कुत्र्यांच्या अंगावर दुहेरी केस असतात: वर लांब राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. लवेत हवा अडकून राहते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. बर्फात निजलेल्या हस्की कुत्र्याच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, यावरून ही दुलई किती चांगली असेल ते कळते. पण केस भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. म्हणून बर्फातून आलेल्या कुत्र्याला आधी कोरडे पुसावे, मग खाऊ द्यावा!

दुसरी युक्ती पंजांची. उघड्या पंजांनी कुत्रा बर्फावर कसा चालतो? जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की पंजाच्या गादीत गरम रक्त नेणाऱ्या रोहिण्यांना थंड रक्त आणणाऱ्या नीलांचे जाळे लपेटलेले असते. खाली जाणारे रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. त्यामुळे पंजा गोठत नाही आणि थंड रक्त थेट हृदयाकडेही जात नाही. पेंग्विनच्या पायांतही अशीच व्यवस्था असते.

पण चिवावाचे काय? त्याचे केस आखूड, आणि आपला नियम इथेही त्याच्या विरुद्ध. चाळीस किलोच्या कुत्र्याच्या मानाने त्याच्या दर किलो वजनामागे सुमारे अडीच पट पृष्ठभाग आहे. शेफर्डला जेथे मजा वाटते तेथे हा थरथरू लागतो. थरथरणे म्हणजे स्नायूंनी उष्णता निर्माण करणे. मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गारठलेला प्राणी थरथरायचा थांबला आणि सुस्तावला, म्हणजे त्याला बरे वाटू लागले असे समजू नका. ते धोक्याचे लक्षण आहे. त्याचे शरीर हरू लागले आहे. त्याला कोरड्या कांबळ्यात गुंडाळून धड ऊबेत ठेवावे आणि त्वरित पशुवैद्याकडे न्यावे.

गोड विष

आता गोठणरोधक द्रवाकडे वळू. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल घेतले, तर मिश्रण जवळजवळ उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पाण्याच्या रेणूंना स्फटिकात रांगेने बसायचे असते. ग्लायकॉलचे रेणू मध्ये येऊन ती रांग मोडतात.

पण हा द्रव चवीला गोड असतो आणि अत्यंत विषारी. गाडीखाली सांडलेला थोडासा द्रव मांजराने पंजाला लागला म्हणून चाटला तरी जीव जाऊ शकतो. यकृतात या द्रवाचे रूपांतर होत होत शेवटी ऑक्झॅलिक आम्ल बनते. रक्तातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. उपचार आहे, पण तो पहिल्या काही तासांतच व्हावा लागतो. मांजराच्या बाबतीत तर वेळ आणखीच थोडा असतो. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणाऱ्याचे मांजर वाचणे कठीण.

पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत म्हणूनच हे वापरत नाहीत. तेथे प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. दोघांची नावे सख्ख्या भावांसारखी, पण दुसऱ्याचे विषारीपण फारच कमी. ओळखू यावे म्हणून नळ्यांसाठीचा द्रव सहसा गुलाबी रंगाचा करतात. तरी रंगावर विसंबू नये, डब्यावरचे नाव वाचावे.

ऊब आणि धोका

मोटारघरातील भट्टी प्रोपेन वायूवर चालते. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश. उणे २० अंशांवर ब्युटेन द्रवरूपातच बसून राहील, शेगडीपर्यंत येणारच नाही. प्रोपेन मात्र येतो.

भट्टीचा धूर नळीवाटे बाहेर जातो. पण थंडी वाजते म्हणून कोणी स्वयंपाकाची शेगडीच पेटती ठेवली तर? ४४ ग्रॅम प्रोपेन जळला की ७२ ग्रॅम पाण्याची वाफ होते. अर्धा किलो वायू जाळलात, तर आठशे ग्रॅमहून अधिक पाणी घरात आले! ते थंड काचांवर आणि भिंतींवर साचते, गोठते, अंथरूण ओले करते. ओले अंथरूण ऊब देत नाही.

याहून मोठा धोका दिसत नाही आणि वासही देत नाही. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. मग ऑक्सिजन वाहायचा कोणी? गाडी बर्फात रुतली आणि इंजिन चालू राहिले, तर बर्फाने बुजलेल्या धुराच्या नळीतूनही हा वायू आत शिरतो.

इथेही आपला जुना नियम भेटतो. लहान प्राण्याची उष्णता भराभर निसटते, म्हणून त्याला अन्न भराभर जाळावे लागते, आणि त्यासाठी तो श्वासही भराभर घेतो. साहजिकच विषारी वायू त्याच्या रक्तात लवकर भरतो. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी हे ओळखून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याचे सुचवले. ब्रिटनच्या खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत होती. आज त्या जागी विद्युत संवेदक असतात, आणि मोटारघरात तो असलाच पाहिजे. मांजराला कॅनरी बनवायचे नाही!

अडकलो तर?

बर्फाच्या वादळात महामार्ग बंद होतात. अशा वेळी गाडी सोडून चालत निघू नये. धुराच्या नळीभोवतीचा बर्फ काढावा. इंजिन तासातून दहाएक मिनिटेच चालवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवावी. आणि सर्वांनी एका पांघरुणात एकमेकांना बिलगून बसावे. असे का? चार लहान वस्तू एकत्र आल्या, की त्यांची एक मोठी वस्तू होते आणि बाहेरचा पृष्ठभाग घटतो. चिवावाला शेफर्डच्या कुशीत जागा मिळाली, तर आपल्या नियमाने आता त्याची बाजू घेतली म्हणायचे. मांजराला हे शिकवावे लागत नाही. ते आधीच तेथे जाऊन बसलेले असते.

करून पाहा

एक वाटी आणि एक मोठा तांब्या घ्या. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा (वडीलमाणसांच्या मदतीने). दर पाच मिनिटांनी तापमापीने दोन्हींचे तापमान मोजून आलेख काढा. मग वाटीला लोकरी फडके गुंडाळून प्रयोग पुन्हा करा. शेवटी तेच फडके भिजवून पिळून पुन्हा करा. तिन्ही आलेख शेजारी ठेवा.

विचार करा

१. अमेरिकेत पुलांपाशी ‘रस्त्याआधी पुलावर बर्फ जमू शकतो’ अशी पाटी का लावतात?
२. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. फिरून आल्यावर कुत्र्याचे पंजे धुणे का जरुरीचे आहे?
३. थंडीत कुत्रा निजताना अंगाचे वेटोळे करून शेपटी नाकावर का घेतो?