‘खास नागपूरची’ की ‘नागपूरचीच’?

प्रश्न : माझा घरगुती फराळाचा छोटासा धंदा आहे. यंदा दिवाळीला संत्रा बर्फीचे डबे करायचं ठरवलंय. डब्यावर एक इंग्रजी ओळ हवी म्हणून मी ‘डिस्टिंक्टली नागपूर’ असं लिहून छापखान्यात दिलं. तिथले दादा म्हणाले, ‘डिस्टिंक्टिव्हली’ करा. घरी पोरगी म्हणून राहिली की दोन्ही जुनाट आहेत, ‘युनिकली नागपूर’ टाक. डिक्शनरी उघडली तर तिन्हींच्या पुढे फिरून फिरून ‘विशिष्ट’ आणि ‘वैशिष्ट्यपूर्ण’ हेच. मग फरक काय? आणि डब्याच्या वरच्या बाजूला मराठीत काय लिहू?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, छापखान्यातल्या दादांचं बरोबर आहे. मुलीचं अर्धं बरोबर आहे. तुमचं चूक म्हणता येणार नाही, पण ते डब्यावर छापू नका. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी तुमचाच शब्द घेऊ. कोर्टात साक्षीदाराने ‘आय डिस्टिंक्टली रिमेंबर’ म्हटलं, तर त्याला ‘मला पक्कं आठवतं’ असं सांगायचं असतं. ‘मला वैशिष्ट्यपूर्णरीत्या आठवतं’ असं म्हणणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी मला बघायला आवडेल. कुणी शेजारच्या खोलीतलं भांडण ‘डिस्टिंक्टली’ ऐकलं, तर मराठीत ते ‘स्पष्ट’ ऐकलं. गाण्याच्या मास्तरांनी शब्द ‘डिस्टिंक्टली’ म्हणायला सांगितले, तर ते ‘सुटे सुटे’ म्हणायचे. अंधारात कुणी ‘डिस्टिंक्टली’ दिसलं, तर ‘नीट’ दिसलं. एका इंग्रजी शब्दाला मराठीने इथेच चार शब्द लावले आणि त्यांत ‘विशिष्ट’ कुठेही आलं नाही. तुमच्या डिक्शनरीने दिलेला अर्थ खोटा नाही. तो नुसता एका कपाटातला आहे आणि शब्द घरभर फिरतो.

पुढे याच शब्दाला आणखी एक फाटा फुटतो. ‘डिस्टिंक्टली कोल्ड’ म्हणजे ‘चांगलाच गारठा’. इथे शब्द मोजमापाकडे वळला. इंग्रजांची यात एक खोडही आहे. कारकुनाने तासभर ताटकळत ठेवून परत पाठवलं, की साहेब लिहिणार, तो ‘डिस्टिंक्टली अनहेल्पफुल’ होता. आपण म्हणू, ‘अजिबात दाद दिली नाही.’ आवाज न चढवता रागावण्याची ती तऱ्हा आहे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, ‘इट इज डिस्टिंक्टली वॉर्म’ असं म्हणणारा माणूस एक तर विलायतेचा असेल, नाही तर त्याला ऊन लागलेलं असेल.

या दोन सवयींमुळे ‘डिस्टिंक्टली नागपूर’ हे शब्द इंग्रजी कानाला थोडे चमत्कारिक लागतात. ‘स्पष्टपणे नागपूर’ किंवा ‘चांगलंच नागपूर’ असा काहीसा अर्थ निघतो. एखाद्याची बोली ‘डिस्टिंक्टली नागपुरी’ आहे असं म्हणता येतं, कारण तिथे पुढे विशेषण आहे आणि ‘नागपुरीपणा उघड जाणवतो’ असं सांगायचं आहे. बर्फीच्या डब्यावर मात्र तुम्हाला नागपूर किती जाणवतं ते सांगायचं नाही. ही नागपूरची म्हणून ओळखू येते, ते सांगायचं आहे.

ओळखू येणं हे ‘डिस्टिंक्टिव्हली’चं काम. त्याच्या पोटात खूण आहे. पक्ष्यांच्या पुस्तकात एखादा पक्षी ‘डिस्टिंक्टिव्हली मार्क्ड’ असतो, तेव्हा अंगावरच्या खुणांवरून तो दुसऱ्यांपासून वेगळा ओळखता येतो. मुंबईच्या लोकलमध्ये पाठमोरा उभा असलेला माणूस फोनवर ‘मी येऊनच राहिलो ना’ म्हणाला, की त्याचं गाव विचारावं लागत नाही. वाटीभर तर्री ओतलेले पोहे समोर आले, तर डोळे मिटूनही आपण कुठे बसलो आहोत ते कळतं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेल्या सावजी रश्श्याचंही तसंच. आज सावजीच्या पाट्या पुण्या-मुंबईतही दिसतात. तरी तो रस्सा नागपूरची ओळख सोडत नाही. ‘डिस्टिंक्टिव्हली’ला एवढंच पुरतं. ती वस्तू दुसरीकडे मिळत नाही, असा त्याचा हट्ट नाही.

जाता जाता एक गंमत. या दोन्ही इंग्रजी शब्दांचं मूळ लॅटिनमधल्या ‘डिस्टिंग्वेरे’ या क्रियापदात आहे. त्यात टोचून, खूण करून वेगळं काढण्याचा भाव आहे, असं मानतात. आपल्याकडे ठसा या शब्दावरून ‘ठसठशीत’ आला. आजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू स्पष्टही दिसतं आणि तिची ओळखही असतं. म्हणजे ‘डिस्टिंक्टली’ आणि ‘डिस्टिंक्टिव्हली’ हे दोघेही आपल्या एका शब्दात राहतात. पण ‘ठसठशीत नागपूर’ लिहू नका. बर्फीवर कुणी शिक्का मारल्यासारखं वाटेल.

आता मुलीचा ‘युनिकली’. हा शब्द मोठा दावेदार आहे. गणितात त्याचा कस लागतो. शाळेतली भूमिती आठवा : दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. त्यातल्या ‘भिन्न’ला इंग्रजीत ‘डिस्टिंक्ट’ म्हणतात आणि ‘एक आणि एकच’मध्ये ‘युनिकली’चा सगळा जीव आहे. ‘एक’ म्हणजे निदान एक तरी आहे, ‘एकच’ म्हणजे दुसरी नाही. पाठ्यपुस्तकाच्या मराठीने संस्कृतचा आधार न घेता, फक्त एका ‘च’वर हा डोंगर उचलला आहे. पारिभाषिक मराठीतली इतकी देखणी जागा मला दुसरी माहीत नाही.

जंगल खात्याच्या कामातही हा शब्द इमानदारीने वापरला जातो. पेंचच्या किंवा ताडोब्याच्या वाघांचे कॅमेऱ्यात फोटो येतात, तेव्हा अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ कोणता ते ठरवतात, कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्टा ही वाघ या जातीची खूण आहे, म्हणजे ‘डिस्टिंक्टिव्ह’. पट्ट्यांची विशिष्ट मांडणी त्या एकाच वाघाची, म्हणजे ‘युनिक’. तुमच्या मुलीला एवढं सांगितलं तरी फरक पटेल.

‘आधार’च्या वेळी मात्र सरकारी मराठीची थोडी पंचाईत झाली. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ते देणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘युनिक’ आहे. मराठीत ती झाली ‘भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण’. बारा आकड्यांचा तो क्रमांक दुसऱ्या कुणाचाही नसतो, हा त्याचा मुद्दा. पण रोजच्या मराठीत ‘एका विशिष्ट वेळी’, ‘विशिष्ट लोकांनाच’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘ठरावीक’ एवढाच अर्थ असतो. ‘एकमेव’ म्हटलं असतं तर अर्थ नेमका आला असता, पण मग ‘एकमेव ओळख’ म्हणजे माणसाला दुसरी ओळखच उरली नाही, असं वाटलं असतं. भाषांतर करणाऱ्यांची बाजू मला समजते.

मग ‘युनिकली नागपूर’ खरं का? दावा तपासून बघू. तान्हा पोळ्याला निघणारी काळी-पिवळी मारबत आणि बडगे घ्या. इतकी मोठी मिरवणूक नागपूरचीच. पण मारबत विदर्भातल्या कितीतरी गावांत गावाबाहेर नेतात. म्हणजे प्रथा ‘युनिकली’ नागपूरची नाही, थाट आहे. जिथे मारबतीला हा शब्द जपून लावावा लागतो, तिथे संत्रा बर्फीचं काय! ती आज पुण्याच्या दुकानातही मिळते. ‘युनिक’च्या आधी ‘व्हेरी’ लावणाऱ्यांवर जुने इंग्रजी मास्तर रागवायचे, कारण एकमेवाला कमी-जास्त नसतं. आता जाहिरातींनी त्या शब्दाची धार इतकी बोथट केली आहे, की रागावण्यातही अर्थ राहिला नाही.

इंग्रजी बाजू इथे संपली. मराठी बाजूची गोष्ट जास्त रंगतदार आहे, आणि योगायोगाने ती नागपुरातूनच जाते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपलं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या काळात डॉ. रघुवीर लाहोर सोडून इथे आले होते, आणि इंग्रजी कारभाराचे शब्द संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्ययांतून पाडण्याची जणू टाकसाळच त्यांनी नागपुरात चालवली. प्रशासन आणि शिक्षणातल्या शब्दांचा त्यांचा जाडजूड इंग्रजी-हिंदी कोश १९५५ सालचा. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि राज्याने भाषा संचालनालय काढलं. त्यांच्या कोशांतही संस्कृतचीच वाट बरीचशी चालली. या सगळ्यांना लोक हसले, पण त्यांतले पुष्कळ शब्द आज आपण न अडखळता वापरतो. नामं आणि विशेषणं टाकसाळीत पाडता येतात. ‘डिस्टिंक्टिव्हली’सारखी क्रियाविशेषणं मात्र तिथे बिघडतात. ‘वैशिष्ट्यपूर्णरीत्या’, ‘अनन्यसाधारणपणे’, ‘सुस्पष्टतया’ ही पिल्लं तिथलीच. ती फायलीत जगतात, जिभेवर टिकत नाहीत.

याचं कारण असं की, इंग्रजी जे काम एका स्वतंत्र शब्दाला देते, ते मराठी बहुतेकदा एका अक्षराला देते. ते अक्षर ‘च’. ज्ञानेश्वरांच्या आणि महानुभावांच्या मराठीत ते ‘चि’ होतं. घासून घासून ‘च’ उरलं. तुमचंच वाक्य घ्या : ‘ताईंनी दिवाळीला संत्रा बर्फी केली.’ ‘ताईंनीच’ म्हटलं, तर बाहेरून आणली नाही. ‘दिवाळीलाच’ म्हटलं, तर एरवी करत नाहीत. ‘संत्रा बर्फीच’ म्हटलं, तर पोरांना अनारसे हवे होते आणि ते मिळाले नाहीत. ‘केलीच’ म्हटलं, तर घरच्यांनी नको नको म्हटलं होतं. बर्फी तीच आणि भांडणं चार.

‘च’ आपल्या रक्तात किती मुरलंय, ते आपण इंग्रजी बोलतो तेव्हा कळतं. ‘आय ॲम फ्रॉम नागपूर ओन्ली’ हे वाक्य ऐकून परका माणूस गोंधळतो. नागपूर‘ओन्ली’ म्हणजे काय, आणखी कुठून असायला हवं होतं का? बिचाऱ्याला कसं कळणार, की ‘ओन्ली’चे कपडे घालून ‘मी नागपूरचाच’मधलं ‘च’ उभं आहे. हिंदी बोलणाऱ्यांचं ‘ही’देखील याच दाराने इंग्रजीत घुसतं, म्हणून ही लकब सगळ्या देशाची आहे. मला तिची लाज वाटत नाही.

‘च’च्या जोडीला ‘खास’ आहे. फारसीमार्गे आलेला हा शब्द आता पुरता घरचा झालाय. ‘नागपूरची’ म्हणजे गाव. ‘नागपूरचीच’ म्हणजे दुसऱ्या गावची नाही, हा ‘युनिकली’. ‘खास नागपूरची’ म्हणजे गावाची खूण असलेली, हा ‘डिस्टिंक्टिव्हली’. छापखान्यातले दादा आणि तुमची मुलगी यांच्यातलं भांडण एवढंच होतं.

धंद्याचा विषय आहे म्हणून कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण तिथे हे सगळं उलटं फिरतं. बौद्धिक संपदेचे धडे देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात ‘डिस्टिंक्टिव्ह’ या शब्दाला पक्का अर्थ आहे : ज्या चिन्हावरून एका माणसाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा कळतो ते. नुसता प्रकार, दर्जा किंवा गाव सांगणारे शब्द त्यात सहसा बसत नाहीत. म्हणजे ‘खास नागपूरची संत्रा बर्फी’ ही ओळ जाहिरातीच्या भाषेत अगदी ‘डिस्टिंक्टिव्ह’ आणि कायद्याच्या भाषेत मुळीच नाही. नागपुरातला कुणीही हलवाई ती लिहू शकतो. वर्षानुवर्षं वापरून एखादं नाव ओळख कमावतं, तेव्हा कायदा नरमतो, ती गोष्ट निराळी. जॉर्ज ईस्टमनने कुठल्याच भाषेत नसलेलं ‘कोडॅक’ हे नाव घडवून १८८८ मध्ये नोंदवलं. असं निरर्थक नाव कायद्याच्या नजरेत सगळ्यांत ठसठशीत.

गावाच्या नावाला कायदा दुसऱ्या दाराने मान देतो, तो भौगोलिक मानांकनाचा. ‘नागपूर संत्रा’ला ते २०१४ मध्ये मिळालं. तिथे एका दुकानाची ओळख चालत नाही. मातीमुळे, हवेमुळे त्या फळात जे उतरतं, ते दाखवावं लागतं आणि नाव त्या भागातल्या सगळ्या बागाईतदारांचं होतं. तुम्ही गर कोणत्या फळाचा वापरता, ते मला माहीत नाही. पण डब्यावर ‘नागपूर संत्रा’ लिहाल, तर आत तोच असू द्या. मृग बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहार हाताशी असतो. तेव्हा अडचण पडू नये.

तर खाली इंग्रजीत ‘डिस्टिंक्टिव्हली नागपूर’. वर मराठीत ‘खास नागपूरची’. ‘नागपूरचीच’ वाचायला जास्त झणझणीत वाटेल, पण पुण्याचं गिऱ्हाईक त्यातल्या ‘च’वरून वाद घालायला फोन करेल. आणि या दोन ओळींच्या वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, धंद्याचं नाव येऊ द्या. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. तिन्ही शब्दांचा कीस काढून झाला आणि माझ्या लक्षात आलं, डब्यावर नेमकं तेच राहिलंय.