राष्ट्रपतीची निवडणूक आणि अंधेरीचें मत

लोकसत्ताक राज्यांत सर्वोच्च पद वंशपरंपरेनें चालत येत नाहीं. तें लोकांच्या विश्वासानें मिळतें. हें तत्त्व नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून आपण सर्वच पाठ करितों. परंतु हा विश्वास मतपेटीपर्यंत कोणत्या वाटेनें पोहोंचतो व त्या वाटेवर कोठें अडतो, याचा विचार फारसा होत नाहीं. सन २०२२ मधील राष्ट्रपतिपदाची निवडणूक व त्याच वर्षीं आपल्या अंधेरींत झालेली पोटनिवडणूक या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यास त्यांपासून घेण्यासारखा बोध पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पद्धति समजून घेऊं. भारताचा राष्ट्रपति सामान्य मतदारांच्या प्रत्यक्ष मतानें निवडला जात नाहीं. संसदेच्या दोन्ही सभागृहांतील व विधानसभांतील निवडून आलेले सभासद त्यास निवडितात. नामनियुक्त सभासदांस हा अधिकार नाहीं. आमदाराच्या मताचें मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतें, व त्यासाठीं १९७१ सालची शिरगणती प्रमाण धरण्यांत येते. त्या शिरगणतींत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. या संख्येस विधानसभेच्या २८८ जागांनीं भागावें व आलेल्या भागाकारास पुन्हां १,००० नें भागावें. पूर्णांकांत उत्तर १७५ येतें. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. गडचिरोलीचा आमदार असो कीं अंधेरीचा, महाराष्ट्रांतील प्रत्येकाच्या मताचें मूल्य १७५ च.

२०२२ सालीं सर्व आमदारांच्या मतांचें एकूण मूल्य ५,४३,२३१ होतें. त्यास संसदेच्या ७७६ निर्वाचित सभासदांच्या संख्येनें भागून प्रत्येक खासदाराचें मत ७०० मूल्याचें ठरलें. येणेंप्रमाणें एका पारड्यांत सर्व राज्यें व दुसऱ्या पारड्यांत संसद अशीं दोन्ही पारडीं जवळजवळ समतोल राहतात. राष्ट्रपति हा केवळ दिल्लीचा नसून सर्व राज्यांचा असावा, हा घटनाकारांचा हेतु या भागाकारांत सांठविलेला आहे.

आतां अंधेरीकडे वळूं. मे २०२२ मध्यें अंधेरी पूर्वचे आमदार रमेश लटके यांचें निधन झालें. १८ जुलै रोजीं राष्ट्रपतिपदासाठीं मतदान झालें, तेव्हां ती जागा रिकामी होती. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांस ६,७६,८०३ व श्री. यशवंत सिन्हा यांस ३,८०,१७७ मतमूल्य मिळालें. अंतर एवढें मोठें कीं, अंधेरीच्या १७५ नें निकालांत तिळभरहि फरक पडला नसता. तथापि देशाचा प्रथम नागरिक निवडिला जात असतां आपल्या मतदारसंघाचा आवाज त्यांत नव्हता, ही गोष्ट उरतेच. यांत दोष कोणाचाहि नव्हता. मृत्यूपुढें उपाय नाहीं, आणि रिकामी जागा भरण्यास कायद्यानें सहा महिन्यांची मुदत दिली आहे.

परंतु पुढील गोष्ट निराळी आहे. ३ नोव्हेंबर रोजीं ती जागा भरण्याचा अधिकार प्रत्यक्ष लोकांच्या हातीं आला. त्या दिवशीं शंभरांपैकीं सुमारे बत्तीस मतदार मतदानास गेले. अडुसष्ट गेले नाहींत. श्रीमती ऋतुजा लटके ६६,५३० मतांनीं निवडून आल्या, व दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हे, तर ‘वरीलपैकीं कोणीहि नाहीं’ हा पर्याय राहिला. त्यास १२,८०६ मतें पडलीं. प्रमुख प्रतिस्पर्ध्यानें अर्ज मागें घेतल्यामुळें लढत एकतर्फी झाली होती, हें खरें. पण ज्यांस कोणीच पसंत नव्हता, त्यांतील हजारों लोकांनीं निदान केंद्रावर जाऊन तसें नोंदविलें. घरीं बसलेल्यांची पसंती वा नापसंती मात्र कोणत्याच कागदावर उमटली नाहीं.

“निकाल तर ठरलेलाच, माझ्या एका मतानें काय होणार?” असें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ विचारितात. त्यांस १९६९ सालची राष्ट्रपतिपदाची निवडणूक उत्तर देते. त्या वेळीं रिंगणांत पंधरा उमेदवार असून त्यांत आपल्या रायगड जिल्ह्यांतील नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हेहि होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झालेले, व मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडणारे हे विद्वान् गृहस्थ १,१२,७६९ मतें मिळवून तिसरे आले. परंतु बोध याच्या पुढेंच आहे. विजयास ४,१८,१६९ मतें लागत होतीं, श्री. व्ही. व्ही. गिरी यांस पहिल्या मोजणींत ४,०१,५१५ च मिळालीं. तेव्हां देशमुख व इतर मागें पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजावी लागली. अखेरीस गिरी ४,२०,०७७ व श्री. नीलम संजीव रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. आवश्यक संख्येहून गिरी यांची आघाडी अवघी १,९०८ होती! ज्यांचा पहिला उमेदवार हरला, त्यांच्या मतपत्रिकाहि वायां गेल्या नाहींत; त्या शेवटपर्यंत मोजल्या गेल्या. मात्र ज्यांनीं दुसरी पसंती लिहिलीच नव्हती, त्यांचें म्हणणें तेथेंच थांबलें.

या सर्वांचें तात्पर्य काय? राष्ट्रपतीस आमदार निवडितो, व आमदारास आपण निवडितों. ही सांखळी आहे, आणि तिची पहिली कडी राष्ट्रपतिभवनांत नसून आपल्या गल्लींतील मतदानकेंद्रांत आहे. ती कडी सैल ठेवून शेवटची बळकट राहील अशी आशा करणें म्हणजे पाया न भरतां कळस चढविण्यासारखें आहे. लोकशाहीचा नाश नेहमीं शत्रूच्या हातूनच होतो असें नाहीं; पुष्कळदां ती मालकांच्या आळसानें झिजते.

विद्यार्थ्यांस १९८९ पासून अठराव्या वर्षींच मताधिकार मिळतो. पूर्वीं त्यासाठीं एकवीस वर्षें पुरीं व्हावीं लागत. तेव्हां शाळा सुटल्यावर फार वाट पाहावयाची नाहीं. यादींत नांव नोंदवावें, उमेदवारांची माहिती वाचावी, हरलेल्याचा मान राखावा, आणि ही संवय वर्गनायकाच्या निवडणुकीपासूनच लावून घ्यावी. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मतदानाच्या दिवशीं त्यांनीं केंद्रावर जावें व परत येऊन मुलांस बोटावरील शाई दाखवावी. नागरिकशास्त्राचा याहून चांगला पाठ कोणत्याहि शाळेंत देतां येणार नाहीं.