जुन्या चित्रफितींची शुद्धि

मुळशी तालुक्यांत चांदे व नांदे हीं शेजारचीं गांवें बहुधा जोडीनेंच बोलिलीं जातात. अशा गांवांतून लग्नकार्यांच्या व जत्रांच्या व्हिडिओ फिती कित्येक घरीं पेटींत जपून ठेविलेल्या असतात. परंतु त्या चालविणारें यंत्र आतां दुर्मिळ झालें आहे. जपानांतील फुनाई कंपनीनें २०१६ सालीं व्हीसीआर बनविणें बंद केलें. म्हणून फिती संगणकांत उतरविणें अगत्याचें आहे. तसें करितांना चित्रांत जे दोष दिसतात, ते कसे घालवावेत, हें येथें पाहूं.

व्हीएचएस फीत १९७६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आली. प्लास्टिकच्या अर्धा इंच रुंद पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप असतो व चित्र त्या लेपांत सांठविलेलें असतें. दमट हवेनें फितीस बुरशी येते. लेप जेथें झडतो, तेथें पडद्यावर क्षणभर पांढरी रेघ चमकते. ओळी वेळेवर न उमटल्यास मांडवाचे सरळ खांबही नागमोडी दिसतात.

याचा पहिला उपाय संगणकाच्या आधींच करावयाचा असतो. बुरशीची फीत तशीच यंत्रांत घालूं नये. ती बुरशी पुढील फितीसही लागते. यंत्राचें हेड स्वच्छ असावें व ओळींची वेळ सुधारणारा ‘टाइम बेस करेक्टर’ मध्यें जोडावा. एकदां संगणकांत उतरलेली नागमोड मागाहून सरळ करणें फार कठीण असतें.

कांहीं दोष मात्र फितीच्या नाशामुळें होत नाहींत. आपल्याकडील पाल पद्धतींत सेकंदास २५ चित्रें असून प्रत्येकाचे सम व विषम ओळींचे दोन भाग असतात. म्हणजे ५० अर्धचित्रें झालीं. संगणकावर दोन्ही भाग एकदम दिसतांच हलत्या हातास फणीसारखे दांते फुटतात. यावर निम्मीं अर्धचित्रें टाकून देणें हा उपाय नव्हे. प्रत्येक अर्धचित्राचें पूर्ण चित्र बनवून सेकंदास ५० चित्रें ठेवावीं, म्हणजे लेझमीची गति अखंड राहते. तळाच्या फाटक्या ओळी जुन्या टीव्हीची चौकट झांकीत असे. त्यांवर काळी पट्टी घालणें पुरेसें आहे.

खरी कसोटी ठिपक्यांची आहे. संगणक लागोपाठच्या चित्रांची तुलना करितो. जें एकाच चित्रांत दिसून नाहींसें होतें, त्यास तो दोष समजतो. परंतु पालखीवर उधळलेला गुलाल व पावसाचे थेंबही असेच क्षणभर दिसतात! गाळणी अति कडक केल्यास रेघांबरोबर गुलालही जातो. कृत्रिम बुद्धीनें चेहरा स्पष्ट करूं जातां आजीच्या कपाळावरील गोंदण पुसलें जाऊन तेथें कोण्या परक्या स्त्रीची गुळगुळीत मुद्रा येऊं शकते. आजी हयात नसेल, तर ही चूक पुढच्या पिढीस कोण दाखवून देणार?

म्हणून मूळ उतरविलेली प्रत कधींही पुसूं नये; शुद्धि तिच्या नकलेवर करावी. प्रत्येक पायरीनंतर दोन्ही प्रती शेजारीं ठेवून घरांतील वडील माणसांस दाखवाव्या, कारण कोणता ठिपका डाग व कोणता गोंदण, हें यंत्रास ठाऊक नसतें. मुळशी हा आंबेमोहोर तांदळाचा मुलूख आहे. तांदूळ निवडणारी गृहिणी खडे तेवढे वेचते. खड्यांच्या भयानें सूपच उकिरड्यावर रितें करीत नाहीं. चित्रांची शुद्धि करणारानेंही हाच विवेक बाळगावा.